डिप्रेशनसाठी सेरोटोनिनची रक्ततपासणी : पाचपैकी एक तारा

‘मूड प्रोफाइल’ वगैरे गोंडस नावाच्या पॅकेजांत हल्ली सिरम सेरोटोनिन, म्हणजे मूडशी जोडल्या जाणाऱ्या या रसायनाचं रक्तातलं प्रमाण, घातलेलं दिसतं. आकडा चुकीचा येतो अशी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की तो आकडा मेंदूचा नसतो.

शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. रक्तात उतरलं की प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) ते उचलून साठवतात. त्यांना स्वतःला ते बनवता येत नाही. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. शिरतं ते ट्रिप्टोफॅन, आणि त्यापासून मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो. म्हणजे हा रिपोर्ट आतड्याच्या मालाचा, प्लेटलेटच्या गोदामातला.

खरा घोळ होतो गोळी सुरू झाल्यावर. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्या सेरोटोनिन पेशीत परत ओढणारा पंप अडवतात. मेंदूत त्यामुळे दोन पेशींमधल्या फटीत ते जास्त वेळ टिकतं. पण तोच पंप प्लेटलेटवरही असतो. तिथे तो अडला की नव्या प्लेटलेट जवळजवळ रिकाम्याच फिरतात. जुन्या ८-१० दिवसांत संपतात, त्यामुळे काही आठवड्यांत रक्तातला आकडा धाडकन खाली येतो आणि रिपोर्टवर ‘लो’ उमटतं. घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही. खरं तर गोळी नेमाने घेतली जातेय, एवढंच त्यातून कळतं!

त्या ‘लो’च्या भीतीने कुणी ५-एचटीपीच्या, म्हणजे सेरोटोनिनच्या कच्च्या मालाच्या, कॅप्सूल मागवतं, कुणी मनानेच डोस वाढवतं. हे धोक्याचं. गोळीवर ५-एचटीपी किंवा ट्रामाडॉल हे वेदनाशामक चढलं तर हातपाय थरथरणं, घाम, जुलाब, धडधड, अंग ताठरणं असा सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. अशा वेळी थेट इस्पितळ गाठावं. रिकाम्या प्लेटलेटचा दुसरा परिणाम म्हणजे रक्तस्राव. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन सोबत असेल तर पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते. काळी शौच झाली तर थांबू नये.

सॅम्पलचेही नखरे आहेत. सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. गोठताना प्लेटलेट त्यात माल ओततात, म्हणून आकडा मोठा. प्लाझ्मा म्हणजे न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव. तो घ्यायचा तर सेंट्रिफ्यूजमध्ये प्लेटलेट पूर्ण खाली बसायला हव्यात. थोड्या राहिल्या तरी आकडा फुगतो. त्यामुळे एका लॅबचं सिरम आणि दुसऱ्या लॅबचा प्लाझ्मा शेजारी ठेवून तुलना करू नये.

एक तारा कशाला? कार्सिनॉइड गाठीच्या (सेरोटोनिन बनवू शकणारी गाठ) संशयात या तपासणीचा उपयोग होतो म्हणून. तिथेही २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए (सेरोटोनिन मोडून उरणारा पदार्थ) बहुधा आधी सांगतात. त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद.

डिप्रेशनसाठी पैसे घालायचेच तर थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ करा. वयस्कर माणसाला गोळी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात सोडियम, कारण या गोळ्यांनी ते उतरू शकतं. फरक पडतोय का ते पीएचक्यू-९ या डिप्रेशन मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या नऊ प्रश्नांतून दर दोन आठवड्यांनी पाहता येतं, तेही फुकट. पंप काही तासांत अडतो, पण बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात.

सेरोटोनिनची तपासणी कुठल्याही कारणाने झालीच, तर त्यासाठी गोळी परस्पर बंद करू नका. चक्कर आणि डोक्यात शॉक बसल्यासारखे झटके येतात. गोळीचं नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख फॉर्मवर लिहा. रकाना नसेल तर समासात.