भरलेला वॉर्ड बघून एमएस सर्जरीची सीट घेतली आणि फसलो

आकडे आधी सांगतो. अ‍ॅडमिशनचा सल्ला देणारा कौन्सेलर 75,000. अ‍ॅडमिशनच्या दिवशी 'डेव्हलपमेंट'साठी रोख 3,50,000, पावती नाही. स्टायपेंडचे, म्हणजे विद्यावेतनाचे, 62,000 पाच तारखेला खात्यात येतात, सात तारखेला त्यातले 50,000 क्लार्कच्या टेबलावर ठेवायचे. आठ महिने झाले. एकूण 8,25,000, फी वेगळी.

सीट तर सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या, यादीत मेरिटनेच लागली होती. कौन्सेलरने कॉलेज फक्त सुचवलं आणि फिरवून दाखवलं. कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म स्वतः भरा, ओटीपी कुणाच्या बापाला देऊ नका.

त्या फेरीचीच चीड येते. सर्जरीचा वॉर्ड खचाखच भरलेला. एका आजींच्या उशाशी सलाइन लटकत होतं, पण नळीचं टोक गादीखाली खुपसलेलं आणि हातावर नुसती चिकटपट्टी. इंटर्नशिपमध्ये शेकड्याने सलाइन लावलेला माणूस मी! वर आजींनी विचारलं, "डॉक्टर, जेवण कधी देणार? आमची बस पाचला आहे." मी हसलो. म्हातारं माणूस, काहीही बोलतं, असं वाटलं. त्या दिवशी कॉलेजच्या मान्यतेसाठीचं इन्स्पेक्शन होतं, हे जॉइन झाल्यावर कळलं.

एक वर्ष ड्रॉप झालं होतं, सर्जरी मिळत होती, वडिलांनी पीएफ काढला होता. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत?

आठ महिन्यांत हातात आली हायड्रोसिलची तीन छोटी ऑपरेशनं. बाकी दुसऱ्यांच्या ऑपरेशनमध्ये जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरणं. कॉलेज बघायचं तर न सांगता रात्री कॅज्युअल्टीत जा. ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर मागा. सेकंड इयरच्या पोरांना विभागप्रमुखासमोर नको, चहाच्या टपरीवर गाठा आणि थेट विचारा, स्टायपेंड परत द्यावं लागतं का?

कॅपिटेशन फीविरोधी कायदा 1987 चा आहे. सरकारी कॉलेजातल्या पीजी विद्यार्थ्याइतकं स्टायपेंड द्या, असं 2023 च्या पीजी नियमावलीत आहे. तक्रार घेऊन गेलो तर पोलीस ठाण्यात म्हणाले, "शिकलेले ना तुम्ही? पावती का नाही घेतली?" अरे, पावती देत असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो! एक कार्यालय म्हणे दुसऱ्याकडे जा, दुसरं म्हणे ऑनलाइन करा. तक्रार ऑनलाइन केली तर 'नाव गुप्त राहील'च्या खालीच रजिस्ट्रेशन नंबरचा रकाना, तोही सक्तीचा. अकराव्या दिवशी क्लार्कने माझीच तक्रार मला मोबाइलवर दाखवली. शेरा : 'स्टायपेंड खात्यात जमा होत असल्याचे कॉलेजने कळवले आहे. तक्रार निकाली.' खात्यात जमा होतं हे मीच लिहिलं होतं ना! त्यापुढची ओळ कुणी वाचलीच नाही.

सोडायचं तर उरलेल्या वर्षांची फी मागतात. मूळ कागदपत्रं त्यांच्याच कपाटात.

परवा पुन्हा इन्स्पेक्शन आहे. बसने येणाऱ्या 'पेशंट'ची यादी करायचं काम या वेळी माझ्याकडे आलंय.