हळदीच्या कॅप्सूल आणि मेलानोमाचा पेशंट: मिरजेच्या मेडिकल काउंटरवरून

डबी चांगली आहे, हे आधी सांगते. साठ कॅप्सूल, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, तोही ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्सचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्यांचा (त्यांतलं मुख्य कर्क्युमिन), आणि जोडीला ५ मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट सत्त्व. एक कॅप्सूल उघडून बघितली. आत भगवट पिवळी, कोरडी पूड, कुठे गुठळी नाही. बोटाला लागलेला रंग दोनदा साबण लावला तरी गेला नाही. बॅच नंबर, मुदत, परवाना क्रमांक सगळं जागच्या जागी. किंमत ९५० रुपये. माल म्हणून माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती डबीबरोबर येणाऱ्या घडीच्या पत्रकाबद्दल. त्यात लिहिलंय, ‘मेलानोमाच्या पेशींचा फैलाव रोखते.’

मेलानोमा हा त्वचेच्या कॅन्सरमधला झपाट्याने पसरणारा प्रकार. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या वडिलांना टाचेवर निघाला. मुलगा हळद पिकवणारा, दरवर्षी सांगलीच्या यार्डात माल घालणारा. ऑनलाइन मागवलेली डबी घेऊन तो काउंटरवर आला. म्हणाला, “ताई, अण्णांना चालू करू का? हळदच आहे की. आणि अमेरिकेनं पेटंट घेतलं होतं म्हणजे काहीतरी असणारच ना!”

पेटंटचं मी त्याला सांगितलं. ते १९९५ मध्ये दिलं गेलं होतं जखम भरण्यासाठी, कॅन्सरसाठी नव्हे. डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, कारण हळदीचा तो उपयोग आपल्याकडे आधीपासून ठाऊक होता. अभिमान वाटण्यासारखीच गोष्ट आहे. पण तिच्यावरून टाचेवरच्या गाठीचं काही ठरत नाही.

पत्रकातल्या वाक्यामागे प्रयोग आहेत, ते नाकारत नाही. काचेच्या ताटलीत मेलानोमाच्या पेशी वाढवतात, त्यांच्या थरावर पिपेटच्या टोकाने सरळ ओरखडा काढतात, आणि दोन्ही कडांच्या पेशी सरकत सरकत ती फट किती वेळात भरतात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कर्क्युमिन घातलं की फट उशिरा भरते, काही पेशी मरतातही. हिरव्या चहातल्या, द्राक्षाच्या बियांतल्या द्रव्यांवरही असं काम झालंय. संशोधन करावं तर असंच, पायरीपायरीने. पण ताटलीत कर्क्युमिन थेट पेशींवर ओततात, साधारण दहा ते पन्नास मायक्रोमोलर (द्रवात द्रव्य किती, ते मोजायचं एकक). माणसाने गिळलं की आतडं आणि यकृत मिळून त्याचा फडशा पाडतात. एका अभ्यासात रोज ८ ग्रॅम देऊनही रक्तात सरासरी दोन मायक्रोमोलरसुद्धा भरलं नाही. ८ ग्रॅम म्हणजे या डबीतल्या सोळा कॅप्सूल, एका दिवसात!

म्हणून मग मिरी. पत्रकात ठळक छापलंय, ‘शोषण २००० टक्के जास्त’. हा आकडा १९९८ च्या बंगळूरच्या अभ्यासातला, निरोगी माणसांवरचा. नुसतं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ सापडतच नव्हतं, त्याच्या मानाने ही वाढ. शिवाय मिरी फक्त हळदीला वाट करून देत नाही. ज्या एन्झाइम्सवर शरीर औषधं मोडतं, त्यांनाच पायपरिन अडवतं. फिटच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी त्याने वाढल्याचं नोंदलं गेलंय. मेलानोमाच्या काही गोळ्याही याच वाटेने मोडतात.

मला खरी काळजी यकृताची वाटते. हळदीच्या सप्लिमेंट्समुळे यकृताला सूज आल्याच्या केसेस इटलीत २०१९ मध्ये निघाल्या, अमेरिकेतही नोंदल्या गेल्या. भाजीतली चिमूटभर हळद आणि हा अर्क यांत फार अंतर आहे. मेलानोमाला आता निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इंजेक्शनं देतात, आणि त्यांच्यानेही यकृताला सूज येऊ शकते. उद्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याची खूण, वाढलेलं दिसलं, तर डॉक्टरांनी कुणावर बोट ठेवायचं? ज्या औषधाचा गुण येतोय तेच थांबवायची पाळी येईल, आणि कारण असेल घरातल्या कपाटातली ही डबी, जिचा फाइलमध्ये उल्लेखच नाही.

वनस्पतीतून कॅन्सरचं औषध निघत नाही, असं कुणी म्हणू नये. कुंडीतल्या सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन निघालं, आणि मेलानोमाच्या जुन्या केमोथेरपीत ते इतर दोन औषधांबरोबर वापरलंही जायचं. पण त्याचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, पांढऱ्या पेशी तपासून. माणसांवरच्या चाचण्यांतून ते गेलं. कर्क्युमिनबद्दल मात्र औषधरसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकाने २०१७ मध्ये सगळं काम तपासून लिहिलं, की काटेकोर तुलनात्मक चाचणीत ते कुठल्याच आजारावर यशस्वी ठरलेलं नाही.

आता डबी फिरवून मागे बघा. बारीक अक्षरात आहे, ‘औषधी वापरासाठी नाही’. कायद्याने छापावंच लागतं. एकाच खोक्यात हे वाक्य आणि ते पत्रक! कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हे पत्रक शब्द जपून वापरतं, पण घाबरलेल्या घराला त्यातून जे ऐकू जायचं ते जातंच.

पाचपैकी एक तारा, तोही पॅकिंगला. धडधाकट माणसाने स्वतःच्या हौसेने घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर नकोच. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्यांना माझ्या दुकानातून ही मिळणार नाही.

त्या मुलाला मी डबी फेकायला सांगितली नाही. पुढच्या तारखेला ती तशीच पिशवीत घालून न्या आणि ऑन्कॉलॉजिस्टसमोर टेबलावर ठेवा, म्हटलं. सोबत अण्णा घेतात तो काढा, ते चूर्ण, सगळंच. पत्रक मात्र मी ठेवून घेतलं. त्याची प्रत तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवली आहे. तुमच्या डबीत असंच पत्रक निघालं तर तुम्हीही पाठवा.