'भारत एक खोज'चा डीव्हीडी सेट : अख्खी मालिका सलग बघताना

आधी थेट सांगतो, घ्या. ज्यांनी १९८८-८९ ला दूरदर्शनवर ही मालिका बघितलीय त्यांनी तर घ्याच, आणि ज्यांच्या घरात आठवी-नववीतलं पोर आहे त्यांनी पण घ्या. किंमत एकदम ऐकली की जास्त वाटते हे मान्य, पण एकूण ५३ भाग आहेत आणि एकेक भाग जवळपास तासाभराचा, भागाकार करून बघा म्हणजे लक्षात येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पंडित नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' वरून श्याम बेनेगलांनी दूरदर्शनसाठी केलेली ही मालिका, सिंधू संस्कृतीपासून सुरू होते ती थेट स्वातंत्र्यापर्यंत. पटकथा शमा झैदी आणि अतुल तिवारी, कॅमेरा व्ही. के. मूर्ती, संगीत वनराज भाटिया. रोशन सेठ नेहरू झालेत, तेच ज्यांनी अॅटनबरोच्या 'गांधी' मध्ये पण नेहरू केले होते, आणि ते अधूनमधून येऊन सरळ कॅमेऱ्याकडे बघत आपल्याशी बोलतात. बाकीचं निवेदन ओम पुरींच्या आवाजात. तेव्हा बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' पण चालू होतं आणि सगळा देश रविवारी सकाळी त्याच्यापुढे बसायचा, त्यामुळे 'खोज' बद्दल लोक तेवढं बोलायचे नाहीत. माझ्या वर्गातली बरीच मुलं तर टायटल साँग झालं की उठून खेळायला जायची. मी बसायचो कारण वडील बसायचे, आणि मग आवडायला लागली ती कायमचीच.

आता मुद्द्याचं. ही मालिका मी इतक्या वर्षांत इकडे तिकडे तुकड्यातुकड्यात परत बघितली होती, पण सलग, एकामागून एक भाग लावून कधीच नाही, आणि सलग बघितल्यावर जे दिसलं ते तेव्हा आठवड्याला एक भाग बघताना कधीच दिसलं नव्हतं. ते म्हणजे ही एक नाटक कंपनी आहे! तेच वीस-पंचवीस चेहरे परत परत येतात. सलीम घौस घ्या, तोच राम, तोच कृष्ण आणि पुढे जाऊन तोच टिपू सुलतान. ओम पुरी अशोक होतो, नंतर अल्लाउद्दीन खिलजी होतो, नंतर औरंगजेब होतो, आणि निवेदनाचा आवाज तर त्याचाच आहे, म्हणजे औरंगजेबाबद्दल शांतपणे माहिती सांगणारा माणूस आणि समोर तख्तावर बसलेला औरंगजेब एकच. तेव्हा मधे आठवडा जायचा, शाळा अभ्यास परीक्षा सगळं मधे यायचं, त्यामुळे मागच्या वेळचा चेहरा पुसला जायचा. डीव्हीडीवर रात्री जेवणं झाल्यावर दोन-दोन भाग लावले की तो पुसला जात नाही. अशोकाच्या भागात कलिंगानंतर खचलेला जो चेहरा बघितला तोच चेहरा घेऊन पुढे खिलजी येतो तेव्हा आत काहीतरी हलतं, कारण आपण त्याला ओळखत असतो.

माझ्या मते हे बजेट वाचवायला केलेलं नाही, किंवा तसं असेल तरी त्यातून जे झालंय ते फार मोठं आहे. नेहरूंनी पुस्तकात भारताला जुन्या लिखाणाची उपमा दिलीय, ज्याच्यावर थरावर थर लिहीत गेले पण आधीचं कुठलंच पूर्ण पुसलं गेलं नाही. बेनेगलांनी ते नटांच्या चेहऱ्यांवर करून दाखवलंय. नवा राजा आला तरी त्याच्या चेहऱ्याखाली जुना राजा दिसत राहतो. हे मला आवडलं म्हणून बोलत नाहीये, खरंच बघा, पहिले दहा-बारा भाग सलग बघा आणि मग मधे न थांबता मुघलांपर्यंत या, आपोआप दिसेल. आपल्याकडे संगीत नाटकांच्या कंपन्यांमध्ये हेच चालायचं की, आज जो राजा तो उद्या दुसऱ्या नाटकात ऋषी, आणि प्रेक्षकांना ते माहीत असायचं आणि त्यातच मजा असायची.

महाभारताचे भाग आवर्जून बघा. तिकडे चोप्रांचे मुकुट, बाण, धूर असं सगळं चालू असताना इकडे लोकगायिका तीजनबाई तंबोरा हातात घेऊन पंडवानी, म्हणजे छत्तीसगडी लोकशैलीत महाभारताची गोष्ट, गातायत. एकटी बाई, आणि तो तंबोरा कधी गदा होतो कधी धनुष्य. लहानपणी हे कळलं नव्हतं, तेव्हा वाटायचं युद्ध का दाखवत नाहीत. आता मुलीसोबत बघितलं तर ती तीजनबाईंकडेच बघत बसली, मागे रिवाइंड करून परत लावायला लावलं तिने.

शिवाजी महाराजांचे भाग मराठी माणूस आधी लावणार हे मला माहितीये, मी पण तेच केलं. नसीरुद्दीन शाह महाराज झालाय. आपल्या डोक्यात भालजी पेंढारकरांच्या सिनेमातले चंद्रकांत पक्के बसलेत, धिप्पाड, भारदस्त, त्यामुळे पहिली पाच मिनिटं नसीर किरकोळ वाटतो. पण मग तो ऐकायला लागतो. म्हणजे समोरचा बोलत असताना हा माणूस ज्या पद्धतीने ऐकतो ना, डोळे हलत नाहीत पण डोक्यात हिशोब चाललाय हे दिसतं, ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की हो, असाच माणूस एवढं राज्य उभं करू शकेल. घोषणा नाहीत, छाती काढून चालणं नाही. आणि पलीकडे औरंगजेब म्हणून ओम पुरी. हे दोघं दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामात (एनएसडीत) एकत्र शिकलेले, जुने मित्र, दोघांपैकी कोणीच आवाज चढवत नाही. आमच्या वडिलांना मात्र नसीर आजही पटलेला नाही, ते म्हणतात महाराज असे नसतात, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही कारण त्यांचे महाराज वेगळे आहेत.

पण माझ्यासाठी या सेटमधला सगळ्यात भारी भाग महात्मा फुल्यांचा आहे आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी नगरचा. फुले झालाय सदाशिव अमरापूरकर, आमच्या नगर जिल्ह्याचा माणूस, इथल्याच रंगभूमीवरून वर आलेला. आता विचार करा, १९८८ साली लोकांना अमरापूरकर म्हणजे 'अर्धसत्य' मधला रामा शेट्टी, 'हुकूमत' मधला व्हिलन. त्या माणसाला बेनेगलांनी जोतीबांचं काम दिलं. आणि त्याने काय केलंय! रामा शेट्टी ज्या थंडपणाने अंगावर काटा आणतो तोच थंडपणा इथे वेगळ्या कामाला लावलाय. ठाम आहे, न ओरडता ठाम. समोरचा कितीही भडकला तरी हा आपलं म्हणणं सोडत नाही. १८४८ ची मुलींची शाळा, घरातला हौद सगळ्यांना खुला करणं, सत्यशोधक समाज, हे आपण पुस्तकात सनावळ्या म्हणून पाठ करतो, पण ते करणाऱ्या माणसाला रोज सकाळी उठून गल्लीतून चालत जावं लागत असेल, लोकांच्या नजरा झेलाव्या लागत असतील, हे मला या भागाने दाखवलं. अमरापूरकरांच्या खांद्यांकडे बघा. खांदे कधीच पडत नाहीत.

आणि नगरचा धागा तिथेच संपत नाही. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग नगरला मिस फरार यांच्याकडे घेतलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं तेच आमच्या भुईकोट किल्ल्यात, ऑगस्ट १९४२ ला काँग्रेसचे बडे नेते पकडून इथे आणून ठेवले होते, मौलाना आझाद, सरदार पटेल सगळे एकत्र, आणि १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर अशा पाचेक महिन्यांत नेहरूंनी ते जाडजूड पुस्तक लिहून काढलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण ती खोली जपून ठेवलेली आहे, संधी मिळाली तर जरूर बघा. ज्या गावात पुस्तक लिहिलं गेलं त्याच भागातला नट त्या पुस्तकाच्या मालिकेत जोतीबा झाला, ही गोष्ट आमच्याकडे शाळेत कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. अजून एक, जोतीरावांना मुंबईत 'महात्मा' पदवी दिली ती मे १८८८ मध्ये, आणि मालिका सुरू झाली १९८८ ला, बरोबर शंभर वर्षांनी. बेनेगलांच्या डोक्यात हे होतं की नव्हतं कोण जाणे, मला मात्र ते फार छान वाटतं.

संगीताबद्दल. टायटलला जे समूहगान आहे ते ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, आधी संस्कृत आणि मग हिंदी. हिंदी रूपांतर वसंत देव यांचं, तेच ज्यांनी आपली मराठी नाटकं हिंदीत नेली. शेवटी नावं येतात तेव्हा हिरण्यगर्भ सूक्त. वनराज भाटिया पाश्चात्य संगीत शिकलेला माणूस, त्यामुळे ते कोरस एका वेळी देवळातलं पण वाटतं आणि चर्चमधलं पण वाटतं. एक विनंती, डीव्हीडी आहे म्हणून टायटल स्किप करू नका. मी पण सुरुवातीला वेळ वाचवायला पुढे ढकलत होतो, मग लक्षात आलं की त्याशिवाय भाग सुरूच होत नाही, मन तयार होत नाही. आता आमच्या घरात ते लागलं की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबतात.

आता टेक्निकल. मालिका जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेली आहे, म्हणजे ४:३. नवीन रुंद फ्लॅट टीव्हीवर लावलं की बरेच टीव्ही आपणहून चित्र ताणतात आणि मग नेहरू जाडे दिसायला लागतात, सम्राट अशोक बुटका दिसतो. रिमोटवर पिक्चर साइझचं किंवा अॅस्पेक्टचं बटण असतं ते दाबून ४:३ करा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील त्या येऊ द्या. हे नक्की करा, कारण व्ही. के. मूर्तींची फ्रेम आहे ती, गुरुदत्तचा 'कागज के फूल' ज्याने टिपला तो हा माणूस, त्याने दिवा कुठे ठेवलाय, अर्धा चेहरा अंधारात का सोडलाय हे ताणलेल्या चित्रात सगळं वाया जातं. चित्र आजच्या मानाने मऊ आहे, एकदम धारदार नाही, फार मोठ्या स्क्रीनला जवळ बसून बघू नका, थोडं मागे बसलं की छान दिसतं. आवाज स्वच्छ आहे. माझी एक डिस्क मधेच अडकत होती, पुसून झाली, दुसऱ्या प्लेअरवर लावून झाली, शेवटी दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली, तेव्हा बिल जपून ठेवा आणि आल्या आल्या सगळ्या डिस्क एकदा थोड्या थोड्या चालवून बघा. सोबत एखादी चांगली पुस्तिका असती, कुठल्या भागात कोणी काय काम केलंय, कुठला प्रसंग कुठल्या नाटकातून किंवा काव्यातून घेतलाय, तर सोन्याहून पिवळं झालं असतं. एवढ्या नटांची नावं शेवटच्या पाट्या थांबवून थांबवून वाचावी लागतात.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. लढाया दहा-पंधरा माणसांत उरकल्यात, सेट कधीकधी सेटच वाटतात. काही भागांत नेहरू जास्तच बोलतात आणि गोष्ट तिथे अडून बसते, विशेषतः तत्त्वज्ञानाचं काही आलं की. मुलं तिथे चुळबूळ करतात, तेव्हा थोडं पुढे ढकललं तरी चालेल. हिंदी पण जुन्या काळच्या भागांत चांगलीच संस्कृतप्रचुर आहे, आईला कळत होती, मुलीला अर्थ सांगावा लागला.

पहिल्यांदा बघणाऱ्यांनी मात्र एक नंबरच्या डिस्कपासूनच सुरू करा असं काही नाही. माझा सल्ला, आधी फुल्यांचा भाग, मग महाराजांचे, मग अशोक, आणि एकदा चेहरे ओळखीचे झाले की पहिल्यापासून सलग.

आणि कोणी शिक्षक हे वाचत असतील तर, शाळेसाठी सेट घ्याच. एका तासिकेत एक भाग मावत नाही, त्यामुळे शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या दोन तासिका जोडून घ्या, हॉलचे पडदे लावा, आणि आवाजासाठी टीव्हीच्या भरवशावर न राहता वेगळा स्पीकर जोडा, मागच्या रांगेला निवेदन ऐकू आलं पाहिजे. आमच्या नगरच्या एका शाळेत आम्ही पुढच्या महिन्यात फुल्यांचा भाग लावतोय.