फूटपाथवरून दिसलेलं युद्ध: ‘सिव्हिल वॉर: फ्रंट लाइन’ घ्यावं का?

सुपरहिरोंच्या हाणामारीत इमारत कोसळते आणि पुढच्याच चौकटीत हिरो भाषण ठोकायला लागतो. त्या इमारतीत राहणाऱ्यांचं काय झालं, हे विचारणारी कॉमिक्स मोजकीच. पॉल जेन्किन्सने मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनासाठी लिहिलेली ‘सिव्हिल वॉर: फ्रंट लाइन’ ही ११ अंकांची मालिका (२००६-०७) त्यातली एक. पेपरबॅकचे दोन भाग आहेत: पहिल्यात अंक १ ते ६, दुसऱ्यात ७ ते ११.

ती मार्व्हलच्याच ‘सिव्हिल वॉर’ला, म्हणजे सुपरहिरोंच्या आपसातल्या युद्धाच्या गोष्टीला, जोडलेली आहे. मूळ ‘सिव्हिल वॉर’चे सात अंक वाचलेले नसतील तर हिला हात लावू नका. अमेरिकेतल्या स्टॅमफर्डमध्ये सुपरहिरोंच्या चकमकीत शाळेजवळ झालेला स्फोट, त्यानंतर सुपरहिरोंना सक्तीची नोंदणी, हे सगळं इथे गृहीत धरलंय. ११वा अंक तर मूळ मालिकेचा सातवा संपल्यावरच उघडा, नाहीतर शेवट आधीच फुटतो.

सर्वांत कसदार धागा ‘द अक्यूज्ड’. त्या चकमकीत असलेला आणि स्फोटातून वाचलेला तरुण सुपरहिरो स्पीडबॉल तुरुंगात पडतो. नोंदणीवर सही कर आणि सुटून जा, नाही म्हणशील तर कोठडी. १९३०चा मार्शल लॉ आणि फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं लहानपणापासून ऐकणाऱ्या सोलापूरकराला हा पेच वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इथे लोकांचा राग नुसता पार्श्वभूमीला नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्यातलाच एकजण त्याच्यावर गोळी झाडतो. पुढे स्पीडबॉल आतून खिळे असलेला पोशाख घालतो. मृतांमागे एक असे ६१२ खिळे, त्यातले मुलांच्या नावाचे ६० मोठे. कल्पना भडक आहे, पण आकडा डोक्यातून जात नाही.

‘एम्बेडेड’ या दुसऱ्या धाग्यात बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड हे दोन पत्रकार आहेत, आणि घोळ इथेच होतो. रस्त्यावरची माणसं एक-दोन चौकटींपुरती येतात, प्रतिक्रिया देतात आणि गायब होतात. ढिगारा उपसणारा, मलमपट्टी करणारा, घरमालकाशी भांडणारा यांपैकी कोणालाही स्वतःचा धागा नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्या गावात बसून वाचताना ही उणीव जास्तच खुपते. पडझड आवरण्याच्या धंद्यावर मार्व्हलनेच १९८९ साली ‘डॅमेज कंट्रोल’ काढलं होतं, तेही विनोदी. म्हणजे विषय सुचत नव्हता असं नाही.

अंकांच्या शेवटी खऱ्या इतिहासाची जोड देणारी छोटी प्रकरणं आहेत. पहिल्याच अंकात, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांची आठवण स्पायडरमॅनच्या शेजारी मांडलीय. हेतू चांगला, पण तुलना ओढूनताणून केलेली. खरं दुःख मुखवट्याची शोभा वाढवायला वापरल्यासारखं वाटतं.

आणि तो बदनाम ११वा अंक! सॅली नोंदणीविरोधी गटाचा म्होरक्या असलेल्या, आता कैदेतल्या कॅप्टन अमेरिकाला मायस्पेस (तेव्हाची सोशल मीडिया साइट) आणि नॅसकार (अमेरिकेतल्या मोटार शर्यती) यांवरून जाब विचारते. म्हणजे ज्याला मायस्पेस माहीत नाही त्याला देश कळत नाही. मग नोंदणीच्या बाजूचा म्होरक्या टोनी स्टार्क (आयर्न मॅन) याची कारस्थानं हाती लागूनही दोघं पत्रकार ती छापत नाहीत. दहा अंक सामान्यांच्या बाजूने उभं राहिलेलं पुस्तक इथे सत्तेच्या ओसरीवर जाऊन बसतं.

पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर कर्ट ब्युसिक आणि अ‍ॅलेक्स रॉसचं ‘मार्व्हल्स’ (१९९४, ४ अंक) घ्या. त्यातला छायाचित्रकार फिल शेल्डन एका लढाईत डोळा गमावतो, नंतर जमावात मिसळून म्यूटंटवर (जन्मजात अचाट शक्ती असलेल्यावर) वीट फेकतो, आणि घरी येतो तर मुलींनी तळघरात एक म्यूटंट पोर लपवलेली. घाबरलेला सामान्य माणूस कसा वागतो, ते त्याच्या एकट्या दुसऱ्या अंकात ‘फ्रंट लाइन’च्या दोन भागांपेक्षा जास्त कळतं.

तरीही ‘फ्रंट लाइन’ घेतलंच तर दोन्ही भाग एकदम मागवा. पहिला गोष्ट अर्ध्यावरच सोडतो. पेपरबॅकची पाठ नुसत्या डिंकावर असते. नवीन प्रत एकदम मधोमध उघडू नका. आधी पुढची थोडी पानं, मग मागची, असं करत पाठ हळूहळू सैल करा. सोलापूरचा मे बाधतो तो याच डिंकाला. पत्र्याखालचं कपाट आणि गाडीची डिकी टाळा, आणि पुस्तक उभं ठेवायचं तर दोन्ही बाजूंनी टेकू द्या. तिरकं राहिलं की पाठ वाकते आणि पानं सुटू लागतात.