थंडरएग खणायचे की अकीक वेचायचे?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडला राहणाऱ्या मैत्रिणीला एकाच सुट्टीत जमेल अशी दगड वेचायची जागा हवी आहे: थंडरएगसाठी त्याच राज्यातलं ओचोकोचं जंगल की अकीकसाठी न्यूपोर्टचा समुद्रकिनारा?

दगड वेचायला दोन्हीकडे पैसे पडत नाहीत, पण थंडरएगचा खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. थंडरएग म्हणजे पोटात रंगीत दगड असलेला गोळा; बाहेरून नुसता ओबडधोबड, मातकट. आतलं जास्पर किंवा कॅल्सेडनी (दोन्ही क्वार्ट्झचेच प्रकार) पाहायचं तर हिऱ्याच्या पात्याची करवत लागते. हातोडा मारू नये, नक्षीचे तुकडे होतात. अकीक लाटांनी आधीच घासलेला असतो. उन्हाकडे धरला की उजेड आरपार येतो.

कष्ट म्हणाल तर ओचोकोतल्या व्हाइट फर स्प्रिंग या जागी कुदळ-फावड्याने खणायचं आणि खड्डा बुजवूनच निघायचं. किनाऱ्यावर फक्त चालायचं, तेही ओहोटीला.

हंगाम मात्र उलटे. जंगलात उन्हाळा, कारण हिवाळ्यात बर्फ असतो. किनाऱ्यावर हिवाळा, कारण तेव्हा वादळं वाळू ओढून नेतात नि खडी उघडी पडते. तिथे माणशी दिवसाला 1 गॅलन, वर्षाला 3 गॅलन एवढीच मुभा.

लहान मुलं बरोबर असतील तर न्यूपोर्ट. ओळखीत कुणाकडे करवत असेल, आणि कापेपर्यंतची उत्सुकता आवडत असेल, तर ओचोको. माझा कल तिकडेच.