क्रिप्टिक शब्दकोडी: काही महिने नेमाने सोडवल्यानंतर

मराठी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सहज संपवणाऱ्यांनी इंग्रजी क्रिप्टिकच्या, म्हणजे शब्दांशी खेळून चकवणाऱ्या शब्दकोड्याच्या, वाटेला जावं का? माझं उत्तर स्पष्ट आहे: जरूर जावं, पण सुरुवात ‘गार्डियन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या क्विक क्रिप्टिकने करावी. एप्रिल २०२४ पासून ते दर शनिवारी ऑनलाइन येतं, पैसे पडत नाहीत, आणि त्या दिवशीच्या कोड्यात कोणत्या चार युक्त्या वापरल्या आहेत ते वरच सांगितलेलं असतं. नवख्याला याहून मोठी मदत नाही. मी पावसाळ्यापासून ते सोडवतेय. हात बसल्यावर ‘द हिंदू’चं रोजचं १५ बाय १५ चौकटींचं कोडंही सुरू केलं. ते बरंच कठीण आहे, पण आता त्याच्याशिवाय सकाळ सुरू होत नाही.

क्रिप्टिकचा जवळजवळ प्रत्येक क्लू दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, आणि तो क्लूच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असतो, मध्ये कधीच नाही. उरलेला तुकडा म्हणजे उत्तर अक्षरांतून कसं जुळवायचं त्याची कृती. कोडेकाराचं कौशल्य हे, की दोन्ही तुकडे मिळून एक साधं, भलतंच वाक्य तयार व्हावं आणि सांधा दिसू नये.

मराठीत करून दाखवते, म्हणजे लगेच कळेल. साधं कोडं विचारेल: व्यायाम, चार अक्षरी. क्रिप्टिक विचारेल: ‘आडवातिडवा सरकत केलेला व्यायाम (४)’. इथे ‘आडवातिडवा’ ही खूण आहे, पुढची अक्षरं विस्कटा असं सांगणारी. ‘सरकत’ विस्कटलं की ‘कसरत’. ‘सरकार भारी, त्यात लपलेला घरचा धनी (४)’ यात काही विस्कटायचंच नाही. ‘सर’ सोडून पुढे सलग वाचलं की ‘कारभारी’ समोरच बसलेला आहे. ‘रानाचा दरवळ रामाने चौदा वर्षं सोसला (४)’ यात वन आणि वास हे दोन शब्द शेजारी ठेवले की वनवास. ‘सारात आकाश शिरलं की उसाची गोड देणगी (३)’ यात खग या शब्दातला आकाशवाचक ‘ख’ साराच्या पोटात गेला की साखर. आणि ‘डाव उलटला तरी चटणीबरोबर छान लागतो (२)’ याचं उत्तर वडा, हे सांगायला नकोच.

या युक्त्या महिनाभरात ओळखीच्या होतात. खरा आनंद त्यानंतर सुरू होतो, कारण मग कोडेकार त्या युक्त्या किती बेमालूम लपवतो हे दिसायला लागतं. इंग्रजीतले दोन जुने, गाजलेले क्लू घ्या. पहिला नुसता ‘जी ई जी एस (९,४)’. उत्तर स्क्रॅम्बल्ड एग्ज, कारण ती ‘एग्ज’चीच अक्षरं आहेत, विस्कटलेली. म्हणजे इथे क्लू हे उत्तराचं फळ आहे. उत्तरातल्या सूचनेप्रमाणे वागलं की क्लू तयार होतो. दुसरा ‘एच आय जे के एल एम एन ओ (५)’. ही वर्णमालेतली एचपासून ओपर्यंतची अक्षरं, इंग्रजीत ‘एच टू ओ’, म्हणून वॉटर. एवढ्या कमी शब्दांत इतकं काम करून घेणारी दुसरी लेखनकला मला माहीत नाही.

अडचण कुठे येते, तर ब्रिटिश सांकेतिक शब्दांत. ‘सेलर’ म्हटलं की टार किंवा ए-बी, ‘वर्कर’ म्हणजे अँट किंवा बी, आणि ‘फ्लॉवर’ म्हणजे बहुतेकदा फूल नव्हे, तर वाहणारी ती, म्हणजे नदी. मग ब्रिटनमधल्या डी, एक्स, कॅम या नद्या पाठ कराव्या लागतात. क्रिकेटमुळे आपल्याला थोडी सूट मिळते: ‘ऑन’ म्हणजे लेग, ‘मेडन’ म्हणजे एम, ‘डक’ म्हणजे ओ, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. बाकीच्यासाठी वही ठेवा. ‘गार्डियन’च्या पानावर एखादा शब्द तपासायची, उघडून पाहायची आणि अक्षरं विस्कटून पाहायची सोय आहे, ती सुरुवातीला बिनदिक्कत वापरा. उत्तर कळल्यावर ते का आलं हे मात्र शब्दाशब्दाने स्वतःला समजावून द्या. माझी प्रगती झाली ती तिथेच.

फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही, ही या खेळाची नीती आपोआप आलेली नाही. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वर्तमानपत्रात टॉर्केमाडा या टोपणनावाने एक कोडेकार कोडी देत असे. त्याने नाव घेतलं ते स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या क्रूर अधिकाऱ्याचं, आणि कोडीही तशीच छळणारी होती. त्याच्यानंतर आलेल्या झिमेनेसने (हेही तसंच नाव) नियम कडक केले आणि १९६६ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या शिस्तीचा गाभा असा: नेमका अर्थ, रास्त कृती, आणि याखेरीज एकही शब्द नाही. आफ्रीट नावाच्या कोडेकाराने हेच वेगळ्या तऱ्हेने मांडलं होतं: क्लू वरवर जे म्हणतो ते कोडेकाराच्या मनात असायलाच हवं असं नाही, पण जे मनात आहे ते क्लूने म्हटलंच पाहिजे. १९७२ मध्ये झिमेनेसची जागा घेणाऱ्याने डेझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाचं नाव उलटं केलं, आणि ए ते झेड सामावणारं ‘अझेड’ हे नाव मिळालं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘गार्डियन’चा अरॉकेरिया, म्हणजे रेव्हरंड जॉन ग्रॅहम. अरॉकेरिया हे मंकी पझल या झाडाचं शास्त्रीय नाव. त्याच झाडाला चिली पाइन म्हणतात, आणि त्या नावाची इंग्रजी अक्षरं विस्कटून त्याने ‘फायनान्शियल टाइम्स’साठी ‘सिनेफाइल’ हे दुसरं नाव घेतलं. जानेवारी २०१३ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, आपल्याला कर्करोग झाल्याची बातमी त्याने वाचकांना कोड्यातूनच दिली. त्या वर्षाअखेर तो गेला. चौकोनी जाळीतून इतकी खासगी गोष्ट इतक्या सन्मानाने सांगता येते, हे वाचून मी बराच वेळ काही सोडवू शकले नाही.

आपल्याकडे हे परकं मुळीच नाही. ‘केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला आणि कौरव रडू लागले’ असा अर्थ वाटणारा संस्कृत श्लोक अनेकांना पाठ असेल. ‘केशवं’ फोडून ‘के शवं’ वाचलं की पाण्यातलं प्रेत, द्रोण म्हणजे कावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे. अस्सल क्रिप्टिक.

म्हणून हल्ली मराठी क्लू रचायचा नाद लागलाय. त्यात काना-मात्रांचा पेच आहे. इंग्रजीत ‘लिसन’ची सहा अक्षरं सुटी होऊन ‘सायलेंट’ बनतात. मराठीत ‘गाजर’चा ‘जागर’ करायचा तर काना ‘ग’वरून काढून ‘ज’वर लावावा लागेल. हे चालवावं का? माझं मत, नाही. चौकटीत ‘गा’ अख्खा बसतो, उभ्या शब्दालाही ‘गा’च लागतो, तेव्हा विस्कटतानाही तो अख्खाच राहावा. त्यामुळे विस्कटण्याचे क्लू कमी मिळतात, पण जोडशब्दांचे आणि लपलेल्या शब्दांचे हवे तेवढे मिळतात. आपली भाषा संधी-समासांनी भरलेली आहे. एखाद्या मराठी पुरवणीने आठवड्याला एक, सात बाय सातची छोटी चौकट द्यावी, वर युक्त्यांची नावं लिहावीत आणि पुढच्या अंकात उत्तरं फोडून दाखवावीत. मी पहिल्या अंकापासून सोडवेन.