पॅनिक अटॅकसाठी बारा सत्रे : दादरच्या एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर असलेल्या एका समुपदेशन केंद्रात पॅनिक अटॅकसाठी, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांसाठी, बारा सत्रांचा उपचारक्रम घेतला जातो. मी तो २०२५ च्या जून ते सप्टेंबर या काळात पूर्ण केला. एका सत्राचे १,५०० रुपये, म्हणजे एकूण १८,००० रुपये झाले. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि तीन खोल्यांच्या त्या जागेत काम करणारी माणसे मोजकीच आहेत. शिवाय जे उपयोगी पडले ती पद्धत आहे, आणि ती इतरत्रही मिळू शकते. फक्त फोन करताना काय विचारायचे हे ठाऊक असावे लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. २०२४ च्या नोव्हेंबरात बोरिवलीहून पकडलेल्या चर्चगेट फास्टमध्ये, गोरेगाव मागे पडत असताना, माझ्या छातीत अचानक धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळल्यासारखा झाला आणि आपण आता याच डब्यात मरणार अशी खात्री पटली. अंधेरीला उतरून मी रिक्षाने एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलो. ईसीजी स्वच्छ निघाला आणि 'गॅस झाला असेल' असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. आईने उपाशीपोटी घराबाहेर पडण्यावर ठपका ठेवला, मावशीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पुढच्या दोन महिन्यांत असाच प्रकार पाच वेळा झाला आणि मी फास्ट गाडी सोडून दिली.

सत्रे सुरू होईपर्यंतच्या सहा महिन्यांत मी स्वतःचे जे उपचार केले, त्यांची यादी आज वाचताना थोडी लाज वाटते. प्रत्येक स्टेशनला उतरता यावे म्हणून स्लो गाडी, तीही दारालगतच्या जागेसाठी दोन-तीन गाड्या सोडून. पिशवीत पाण्याची बाटली. पाकिटात क्लोनाझेपामची, म्हणजे भीती तात्पुरती दाबणाऱ्या गोळ्यांची, पट्टी. कानात दीर्घ श्वसनाचे ध्वनिमुद्रण. आणि मनगटावर नाडीचे ठोके दाखवणारे घड्याळ, ज्याकडे मी दर मिनिटाला पाहत असे. आकडा नव्वदच्या वर गेला की भीती वाटे आणि भीती वाटली की आकडा शंभरावर जाई. त्या घड्याळाइतकी वाईट खरेदी मी आयुष्यात केलेली नाही.

केंद्राची पहिली चांगली गोष्ट अशी, की त्यांनी सत्रे लगेच सुरू केली नाहीत. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, ईसीजीचा कागद आणा आणि एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटून या, असे त्यांनी सांगितले. थायरॉइड वाढला किंवा हिमोग्लोबिन फार उतरले तरी धडधड होते, तेव्हा हे आधी बघणे रास्तच होते. मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटालोप्रॅम हे चिंता आणि नैराश्यावरचे औषध सुरू केले, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी वाढूही शकते, हे आधीच स्पष्ट केले, आणि क्लोनाझेपामची सवय लागते म्हणून ते हळूहळू कमी करत बंद करण्याचे वेळापत्रक लिहून दिले. गोळ्यांविषयी माझी तक्रार नाही. मात्र गोळ्यांनी अटॅक कमी झाले तरी मी स्लो गाडीच्या दारातच उभा होतो, आणि तिथून मला पुढे नेले ते या सत्रांनी.

पहिल्या दोन सत्रांत माझ्या समुपदेशक मॅडमनी एका कोऱ्या कागदावर एक वर्तुळ काढून दिले. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेली ती आकृती आहे. शरीरात एखादी साधी संवेदना उठते, मन तिचा 'हार्ट अटॅक' किंवा 'वेड लागणार' असा अर्थ लावते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते आणि वर्तुळ पूर्ण होते. मुंग्या आणि गरगर कशाने येतात, हेही तेव्हाच कळले. घाबरून आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होते. चक्कर येऊन पडण्याची जी भीती मला सतत वाटत असे, तिचे उत्तर तर फारच साधे निघाले: माणूस बेशुद्ध पडतो तो बहुधा रक्तदाब एकदम घसरल्याने, आणि पॅनिकमध्ये तो उलट वाढलेला असतो. अटॅकचा कळस बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत येऊन जातो. हे सारे मी इंटरनेटवर आधी वाचलेले होते. पण स्वतःचा गोरेगावचा प्रसंग त्या वर्तुळात एकेक शब्द करून बसवताना जे समजते, ते वाचून समजत नाही.

खरी सेवा सुरू होते ती पाचव्या सत्रापासून. मॅडमनी टेबलावर शीतपेयाची एक बारीक स्ट्रॉ ठेवली आणि नाक चिमटीत धरून एक मिनिट फक्त तिच्यातून श्वास घ्यायला सांगितले. विसाव्या सेकंदाला घसा आवळला, तिसाव्याला तळवे ओले झाले, आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. "आता पळू नका. भीती किती, शंभरपैकी?" त्यांनी विचारले. मी बोटांनीच नव्वद दाखवले. "बरं, नव्वद असू दे. बसा." मिनिट संपल्यावर तो आकडा सत्तर झाला. त्याच सत्रात तोच प्रयोग आणखी चार वेळा झाला आणि शेवटच्या वेळी मी पस्तीस सांगितले. नंतरच्या सत्रांत फिरत्या खुर्चीत गोल फिरणे, एक मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास घेणे आणि इमारतीचे तीन मजले पळत चढणे हे प्रकार झाले. जी लक्षणे टाळण्यासाठी मी सहा महिने घालवले होते, तीच आता पैसे मोजून मागवत होतो. याचा हेतू शांत होणे हा नसतो. ही लक्षणे आली तरी काही होत नाही, हे शरीराला पटवणे हा असतो. दीर्घ श्वसनाचे ध्वनिमुद्रण त्यांनी याच कारणाने बंद करायला लावले, कारण 'श्वास घेतला म्हणून वाचलो' असे मनाला वाटत राहिले तर पुढची भीती तशीच राहते. घड्याळ, बाटली आणि दाराशेजारची जागा याच न्यायाने एकेक करून गेली.

गृहपाठ सारा रेल्वेवर होता. आधी स्लो गाडीत आतल्या बाकाजवळ, मग फास्टमध्ये बोरिवली ते अंधेरी, म्हणजे मधले एकही स्टेशन न घेता. आठव्या आठवड्यात एसी लोकल आली. पश्चिम रेल्वेवर ती २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आणि तोपर्यंत मी तिच्याकडे चैनीची गाडी म्हणूनच पाहत आलो होतो. पॅनिकच्या माणसाला मात्र तिची दारे बंद होतानाचा तो टुंग-टुंग आवाज फार मोठा ऐकू येतो. कांदिवलीजवळ माझी भीती ऐंशीवर गेली. शेजारचे गृहस्थ मोबाइलवर कोबीचा भाव कोणाला तरी ओरडून सांगत होते, आणि त्या ऐंशीच्या अवस्थेतही ते महाग घेत आहेत असे माझ्या मनात आले. जोगेश्वरीला आकडा पंचेचाळीसपर्यंत उतरलेला होता. शेवटचा गृहपाठ मेट्रो ३ चा होता: दादरहून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), पूर्ण भुयारी, त्यात मिठी नदीच्या खालून जाणारा टप्पा. तो मी तीन वेळा केला. तिसऱ्या वेळी कंटाळा आला, आणि वहीत 'कंटाळा' असे लिहिलेले पाहून मॅडमना मनापासून आनंद झाला.

आता तक्रारी. स्वागतकक्ष लहान, बंद खिडक्यांचा आणि एसी लावलेला आहे. ज्यांना कोंडल्यासारखे वाटते त्यांनाच तिथे वीस मिनिटे बसवणे हा उपचाराचा भाग आहे का, असे मी एकदा विचारले, तर कोणी हसले नाही. आतल्या खोल्यांमधली भिंत पातळ आहे आणि शेजारच्या सत्रातले शब्द नाही तरी आवाज ऐकू येतात. मॅडम उत्तम मराठी बोलतात, पण दर आठवड्याला भरायची प्रश्नावली फक्त इंग्रजीत आहे. माझ्यासोबत वाट पाहणाऱ्या एका काकूंना त्यांच्या भाच्याने ती भरून दिली. आपल्या भीतीचे तपशील घरच्या मुलाकडून लिहून घ्यायला किती जणांना आवडेल? सर्वांत राग आला तो रद्द करण्याच्या नियमाचा. चोवीस तास आधी न कळवल्यास अर्धे पैसे आकारले जातात, आणि पावसाने गाड्या बंद पडल्या त्या दिवशीही माझ्याकडून ७५० रुपये घेतले गेले. मुंबईत पावसाळ्यात हा नियम लावणे अन्यायाचे आहे, हे मी त्यांना लेखी कळवले. उत्तर आले नाही.

खर्चाचे म्हणाल तर माझ्या आरोग्य विम्यात ओपीडीचा खर्च बसत नाही, त्यामुळे सारी रक्कम खिशातून गेली. ज्यांना ती परवडणार नाही त्यांच्यासाठी केईएम, शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवाही १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते. फोनवर स्ट्रॉचा प्रयोग होणार नाही, पण मध्यरात्री कोणाशी तरी बोलण्याची सोय होते.

बारा सत्रांनंतर अटॅक पूर्ण थांबले का? नाही. ऑक्टोबरात दोन आले, एक कार्यालयात आणि एक माहीम ओलांडल्यावर थांबलेल्या गाडीत. दोन्ही वेळा मी जागेवरून हललो नाही. कोणत्याही केंद्राला फोन कराल तेव्हा एवढेच विचारा, की सत्रात लक्षणे मुद्दाम निर्माण करून घेतात का आणि गृहपाठ देतात का. 'आम्ही मन शांत करायला शिकवतो' एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरे केंद्र पाहा. दादरच्या या केंद्रात संध्याकाळी सहानंतरच्या वेळा तीन-चार आठवडे मिळत नाहीत. शनिवारी सकाळची वेळ मागितली तर लवकर मिळते आणि गाडीलाही गर्दी कमी असते.